साखरेच्या आधीची वर्षं

"मी तं गोड खातच नाही, मले शुगर कायची?"

वडनेरसारख्या गावात दवाखान्याच्या बाकावर हे वाक्य कुणी ना कुणी बोलतंच. बोलणारा बहुधा सडसडीत असतो. पोट जरासं पुढे आलेलं, पण हातापायांवर मांस नाही, आणि सारा जन्म कपाशी-तुरीच्या शेतात गेलेला. मधुमेह म्हणजे गादीवर बसून खाणाऱ्या, मिठाईची आवड असलेल्या लठ्ठ माणसाचा आजार, असं त्याने आयुष्यभर ऐकलेलं असतं. त्यामुळे रिपोर्ट चुकला असावा, अशी त्याला प्रामाणिक शंका येते. आपण त्याला गोड बंद करा, चालायला जा, ही गोळी रोज घ्या, एवढं सांगून वाटेला लावतो. त्याच्या प्रश्नाचं उत्तर मात्र राहूनच जातं. ते उत्तर साखरेत नाहीच. साखर वाढण्याच्या कितीतरी वर्षं आधी त्याच्या रक्तात दुसरंच काही वाढायला लागलेलं असतं, आणि त्या वाढीची ना त्याला कल्पना असते, ना त्याच्या डॉक्टरला.

इन्शुलिनची कथा जगाला तुटवड्याची कथा म्हणून कळली. १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांच्या स्वादुपिंडापासून अर्क काढला. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला स्वादुपिंडाचा तसा अर्क टोचला गेला. पहिल्या इंजेक्शनने फारसं साधलं नाही. कॉलिप यांनी अर्क अधिक शुद्ध करून दिल्यावर, त्याच महिन्यात, मरणाच्या दारात असलेला तो मुलगा सावरला. ज्यांच्या शरीरात इन्शुलिन तयारच होत नाही अशा मुलांसाठी हे औषध म्हणजे प्राणदान होतं आणि आजही आहे. पण या घटनेचा ठसा इतका खोल उमटला, की मधुमेह म्हणजे इन्शुलिन कमी पडणं हे समीकरण सगळ्यांच्या मनात पक्कं झालं. लंडनच्या हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनी १९३६ मध्येच दाखवलं होतं, की काही रुग्णांवर इन्शुलिनचा प्रभावच कमी पडतो. त्यांच्या म्हणण्याची कसोटी घ्यायला मात्र रक्तातलं इन्शुलिन मोजता यायला हवं होतं, आणि तेव्हा ते कुणालाच जमत नव्हतं.

न्यूयॉर्कमध्ये रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी किरणोत्सारी आयोडीनच्या मदतीने ते जमवलं. १९६० साली त्यांनी माणसाच्या रक्तातलं इन्शुलिन मोजून दाखवलं, आणि निघालेले आकडे उलटे होते. प्रौढ वयात मधुमेह झालेल्या कित्येकांच्या रक्तात इन्शुलिन कमी नव्हतं. निरोगी माणसाइतकं किंवा त्याहून जास्तच होतं. यॅलो यांना १९७७ मध्ये नोबेल मिळालं. बर्सन १९७२ मध्येच वारले होते, म्हणून त्या सन्मानात त्यांचं नाव नाही. माझ्या मते विसाव्या शतकातल्या वैद्यकाने इतकं नम्र करणारं दुसरं सत्य क्वचितच पाहिलं असेल. चाळीस वर्षं जिथे अभाव आहे असं समजून चाललो, तिथे मुबलकता निघाली.

या मुबलकतेचा अर्थ आकड्यांत पाहू. समजा दोन माणसांची उपाशीपोटीची साखर अगदी सारखी, ९२ आहे. दोघांनाही 'नॉर्मल' असं सांगून घरी पाठवलं जाईल. पण एकाचं उपाशीपोटीचं इन्शुलिन ६ आहे आणि दुसऱ्याचं १८. साखर आणि इन्शुलिन यांचा गुणाकार करून त्याला ४०५ ने भागण्याची एक पद्धत १९८५ पासून संशोधनात रूढ आहे. त्या हिशेबाने पहिल्याचा आकडा १.३६ येतो, दुसऱ्याचा ४.०९. म्हणजे तीच ९२ साखर राखायला दुसऱ्याचं स्वादुपिंड तिप्पट इन्शुलिन ओततं आहे. साखरेचा रिपोर्ट या कष्टांबद्दल अवाक्षर काढत नाही. स्वादुपिंड थकेपर्यंत तो 'नॉर्मल'च येत राहतो, आणि थकल्यावर एके दिवशी अचानक 'शुगर निघते'.

मग तिप्पट इन्शुलिन लागतं कशाला? इथे आपण पेशीच्या उंबरठ्यावर येतो. इन्शुलिन हा ५१ अमिनो आम्लांचा चिमुकला रेणू. स्नायूच्या किंवा चरबीच्या पेशीला तो निरोप देतो तो तिच्या आवरणात रुतून बसलेल्या रिसेप्टरमार्फत. या रिसेप्टरचे दोन भाग बाहेर असतात, ते इन्शुलिनला धरतात. दोन भाग आवरण भेदून आत गेलेले असतात, ते आतली रासायनिक साखळी सुरू करतात. या साखळीच्या शेवटी ग्लुकोज आत घेणारे वाहक पेशीच्या पोटातून पृष्ठभागावर येतात आणि साखर आत शिरते. असे हजारो, कुठे लाखो रिसेप्टर एकेका पेशीवर असतात. त्यांचं अस्तित्व १९७० च्या सुमारास प्रयोगांनी पक्कं झालं, आणि लगेच पुढचा प्रश्न उभा राहिला : ही संख्या कायम असते, की बदलते?

१९७४ साली अमेरिकेत जेम्स गॅव्हिन, जेस रॉथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या पांढऱ्या पेशी काचेच्या भांड्यात वाढवल्या आणि त्यांच्या भोवतालच्या द्रवात इन्शुलिन घालून ठेवलं. काही तासांतच पेशींवरच्या रिसेप्टरची संख्या घटली. इन्शुलिन जितकं जास्त, तितकी घट जास्त. मग पेशी धुऊन इन्शुलिन काढून टाकलं, तर रिसेप्टर पुन्हा वाढले. इतका साधा प्रयोग, पण त्याने फार मोठी गोष्ट सांगितली. शरीरात फक्त निरोप धाडणाराच ठरवत नाही. निरोपाचा भडिमार झाला की घेणाराही बदलतो. लठ्ठ उंदरांमध्येही हेच दिसलं : इन्शुलिन चढं, रिसेप्टर कमी, खाणं तोडून इन्शुलिन उतरवलं की रिसेप्टर परत वर.

वडनेर नागपूर-हैदराबाद महामार्गावरचं गाव. रस्त्यालगतच्या घरात पहिल्यांदा मुक्कामाला आलेल्या पाहुण्याचा ट्रकच्या आवाजाने रात्रभर डोळा लागत नाही, आणि घरची माणसं गाढ झोपलेली असतात. त्यांचे कान काही बिघडलेले नसतात. अखंड आवाजात जगायचं तर त्यातला बराचसा न ऐकणं हाच शहाणपणा असतो, आणि देह तो आपसूक शिकतो. पेशीचंही तसंच आहे. फरक एवढाच, की ती नुसतं दुर्लक्ष करत नाही. ती इन्शुलिन चिकटलेले रिसेप्टर आत ओढून घेते, काही मोडून टाकते आणि बाहेर मोजकेच ठेवते. म्हणून मला या न ऐकण्याला, म्हणजेच इन्शुलिन-प्रतिरोधाला, पेशीचा दोष म्हणणं पटत नाही. अतिरेकापासून स्वतःला सांभाळण्याची ती पेशीची रीत आहे. नुकसान होतं ते पुढे, कारण स्वादुपिंडाला हे कळत नाही आणि ते आणखी इन्शुलिन सोडतं.

इथेच थांबलो तर गोष्ट सुबक होईल, पण खोटी होईल. रिसेप्टर कमी झाले म्हणून प्रतिरोध आला, एवढं ते सरळ नाही. चरबीच्या पेशींवर झालेल्या १९७१ च्या एका प्रयोगात आढळलं, की ग्लुकोज घेण्याचं काम पूर्ण क्षमतेने व्हायला एकूण रिसेप्टरपैकी अवघे दोन-तीन टक्के पुरतात. बाकीचे राखीव. म्हणजे निम्मे रिसेप्टर गेले तरी पेशी आपलं काम करू शकते, फक्त त्यासाठी इन्शुलिन जरा जास्त लागतं. मधुमेहात जो खोल प्रतिरोध दिसतो त्याची मोठी जागा रिसेप्टरच्या पलीकडे, पेशीच्या आत आहे. स्नायूत आणि यकृतात नको तिथे साचलेली चरबी त्या आतल्या साखळीच्या कड्या अडवते. रिसेप्टर निरोप घेतो, आणि निरोप वाटेतच विरतो. संख्या घटणं ही सुरुवातीची, परत फिरवता येणारी पायरी. आतली अडवणूक ही जुनी, चिवट.

आणि आता या विषयातली सगळ्यांत विचार करायला लावणारी गोष्ट. हा बधिरपणा सगळीकडे सारखा नसतो. इन्शुलिन काही फक्त साखरेचा हिशेब ठेवत नाही. ते यकृताला चरबी बनवायला सांगतं, मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला सांगतं, स्त्रीच्या बीजकोशाला पुरुषी संप्रेरकं बनवायला उत्तेजन देतं, त्वचेच्या पेशींना वाढायला लावतं. साखरेच्या बाबतीत पेशी ऐकेनाशी झाली, तरी या बाकीच्या हुकुमांचे कान पुष्कळदा उघडेच राहतात. त्यामुळे एका कामासाठी म्हणून शरीर इन्शुलिन वाढवतं, आणि ते वाढलेलं इन्शुलिन दुसऱ्या दहा ठिकाणी नको तितकं ऐकलं जातं. यकृत साखर सोडायचं थांबत नाही, पण चरबी मात्र जोमाने बनवत राहतं. याचा पडताळा निसर्गानेच ठेवला आहे. ज्यांच्या रिसेप्टरमध्येच जन्मतः बिघाड असतो अशा दुर्मीळ रुग्णांत प्रतिरोध अतितीव्र असूनही यकृतावर चरबी चढत नाही, कारण तिथे सगळेच हुकूम बंद पडलेले असतात. आपल्याकडच्या नेहमीच्या रुग्णात नुकसान करतो तो अर्धवट बधिरपणा.

या अर्धवट बधिरपणाची एक खूण डोळ्यांना दिसते, आणि ती घराघरांत चुकीची वाचली जाते. वयात येणाऱ्या मुलीची मान मागून काळवंडते. कातडी नुसती काळी होत नाही, जराशी जाड आणि मऊ होते, आडव्या सुरकुत्या ठळक दिसू लागतात, काखेतही तसंच. आईला वाटतं पोर नीट आंघोळ करत नाही. मग उटणं, लिंबू, वजरीने घासणं, आणि वर बोलणी. कितीही घासलं तरी ते जात नाही, कारण तो मळ नाहीच. रक्तात वर्षानुवर्षं चढं असलेलं इन्शुलिन त्वचेतल्या वाढीच्या रिसेप्टरना चेतवत असतं, त्याची ती नोंद आहे. त्याच मुलीची पाळी दोन-तीन महिने येत नसेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर ती वेगळी दुखणी समजू नयेत. मूळ बऱ्याचदा एकच असतं. साखर तपासली तर ती नॉर्मल येईल. लाजून ओढणीने मान झाकणाऱ्या त्या मुलीला कुणीतरी हे सांगायला हवं, की तुझ्या स्वच्छतेचा यात काही संबंध नाही.

मग आधी काय, चढं इन्शुलिन की प्रतिरोध? यावर अभ्यासकांत दोन फळ्या आहेत आणि दोन्हींकडे पुरावा आहे. निरोगी माणसांना सलग तीन दिवस बारीक धारेने इन्शुलिन देऊन ते चढं ठेवलं, तर तेवढ्यातही त्यांच्यात प्रतिरोध दिसू लागतो. ज्या उंदरांत इन्शुलिनची जनुकं कमी ठेवली, ते भरपूर तूपकट खाऊनही लठ्ठ झाले नाहीत, हे २०१२ साली व्हँकुव्हरच्या प्रयोगशाळेने दाखवलं. उलट बाजूला, मधुमेही आईबापांच्या सडपातळ, तरुण, साखर नॉर्मल असलेल्या मुलांच्या स्नायूंत चरबी आणि प्रतिरोध आधीच सापडतो. मला वाटतं, हे चक्र आहे आणि वेगवेगळी माणसं त्यात वेगवेगळ्या ठिकाणी पाय ठेवतात. आपल्या लोकांनी कुठे पाय ठेवला, हे विचारणं जास्त मोलाचं. आणि त्याचं उत्तर महाराष्ट्रातच शोधलं गेलं आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. या बायका बारीक, कष्टाच्या, शेतावर राबणाऱ्या. त्यांची बाळं सरासरी पावणेतीन किलोच्या आत-बाहेर. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. पुण्याची बाळं सगळ्याच मापांत लहान होती; स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. एकच गोष्ट जवळजवळ तशीच टिकून होती : कातडीखालची चरबी. आणि नाळेतलं रक्त तपासलं तेव्हा त्यात गोऱ्या बाळांपेक्षा इन्शुलिन जास्त निघालं. अजून ज्याने दुधाचा थेंब चाखलेला नाही, त्या बाळाच्या रक्तात! याज्ञिकांनी या बाळाला 'थिन-फॅट' म्हटलं : दिसायला कृश, आतून चरबीचं. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो छापून आला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स तंतोतंत सारखा, २२.३. युडकिनांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२.

दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या त्या सडसडीत माणसाला द्यायचं उत्तर इथे आहे. तुम्ही गोड खाल्लं म्हणून हे झालं नाही, भाऊ. तुमची आई तुमच्या वेळी अर्धपोटी निंदणाला जात होती, त्या दिवसांपासून याची सुरुवात आहे. ज्या गरोदर बायकांच्या जेवणात पालेभाजी, दूध, फळं होती, त्यांची बाळं अधिक भरली, हेही त्याच अभ्यासात दिसलं. आणि जिच्यावर कामाचा बोजा जास्त, तिचं बाळ लहान. पुढे ही बाळं सहा वर्षांची झाल्यावर पाहिलं, तर गरोदरपणी ज्यांच्या आईत फोलेट भरपूर पण बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं, त्या मुलांत इन्शुलिन-प्रतिरोध अधिक होता. जन्मतः तुटपुंजे स्नायू घेऊन आलेल्या देहाला साखर ठेवायला जागाच थोडी. त्या देहावर पुढे भरपूर भात, पोळी आणि दिवसभराचा गोड चहा येऊन आदळला.

कारण ताटही बदललं. विदर्भात ज्वारी मागे पडली आणि सोयाबीन आलं. घरची जवारी सरली आणि रेशनचे गहू-तांदूळ आले. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य, २०२३ पासून तेही मोफत. भूक भागवणाऱ्या या योजनेला नावं ठेवायचं माझ्या मनात नाही. ज्याने उपासमार पाहिली तो ठेवणार नाही. पण पिष्टाने भरलेल्या ताटात डाळ आणि भाजी किती, हे विचारायलाच हवं. वडनेरच्याच जिल्ह्यात, वर्ध्याच्या मगनवाडीत, १९३० च्या दशकात गांधीजी आणि त्यांचे सहकारी कुमारप्पा पॉलिश केलेल्या तांदळाविरुद्ध आणि घाण्याच्या तेलासाठी झटत होते, ते यासाठी आठवावं. त्यांचा गुळाचा आग्रह मात्र आज जसाच्या तसा घेता येणार नाही; इन्शुलिनच्या लेखी गूळ आणि साखर यांत फरक जवळपास नाही. एकादशीच्या साबुदाण्याचंही तेच.

इन्शुलिन हा शब्द मराठी घरांत चहाच्या कपापर्यंत आणला तो नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांनी आणि त्यांच्यानंतर डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी. दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा, मधे काही खाऊ नका : यावर मराठी समाजात कडाक्याचे वाद झाले. ५५ या आकड्याला मी फार महत्त्व देत नाही. जेवल्यावर इन्शुलिन दोन-तीन तास चढंच असतं. गर्भवतीने, लहान मुलांनी आणि इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर डॉक्टरला विचारल्याशिवाय असं काही करूच नये. पण इन्शुलिनला दिवसातून काही तास उतरू द्या, या मूळ सांगण्यात गॅव्हिनच्या काचेच्या भांड्यातलं सत्य आहे. महामार्गावरच्या टपरीवर जो दिवसातून सहा-सात गोड चहा घेतो, त्याचं इन्शुलिन जागेपणी खाली येतच नाही. चालण्याचं मोलही यातच आहे. आकुंचन पावणारा स्नायू इन्शुलिनच्या निरोपाची वाट न पाहता साखर आत घेतो. बंद दाराला वळसा घालणारी ती दुसरी वाट आहे.

आता उठून सगळ्यांनी इन्शुलिन तपासून घ्यावं, असं मी म्हणणार नाही. तो आकडा दिवसागणिक हलतो, प्रयोगशाळेगणिक बदलतो, आणि पैसे जातात ते वेगळेच. त्याहून स्वस्त मोजमाप गावात दारापर्यंत येतं. तिशी ओलांडलेल्यांची यादी करताना आशाताई कमरेचा घेर मोजतात. बाईचा ८० सेंटिमीटरच्या आणि पुरुषाचा ९० सेंटिमीटरच्या आत असावा, असा त्यांच्या फॉर्मवर हिशेब असतो. पुष्कळ घरांत त्या टेपला लाजून 'लिहा काहीतरी अंदाजे' म्हणतात. असं म्हणू नका. पोटावरची चरबी हीच आतल्या चढ्या इन्शुलिनची फुकटात मिळणारी खबर आहे, आणि साखर वाढण्याआधी ती मिळते. मुलीची मान काळवंडली असेल तर घासणं थांबवा आणि तिला डॉक्टरकडे न्या. आणि घरात सून गर्भार असेल, तर तिला सगळ्यांचं झाल्यावर उरलेल्यावर बसवू नका; वरण, भाजी, दूध आधी तिच्या ताटात वाढा, आणि ते नऊ महिने तिच्या डोक्यावरचं ओझं दुसऱ्या कुणीतरी उचला.